सिंगापूरहून हजर

१

शिवलीला जाऊन तीन महिने झाले होते आन सोमवारी सकाळी तिचं नाव निकालात लागलं.

निकाल म्हणजे क्लासच्या गेटला चिकटवलेला लांबच लांब कागद. लातुरात औसा रोडला वसंतराव सरांचा क्लास. बारावीची पोरं, सगळ्यांना डॉक्टर व्हायचं, कुणी नांदेडहून आलेलं, कुणी देगलूरहून, कुणी पार माहूरकडून. रविवारी दुपारी वेबसाइटवर टेस्ट, सोमवारी सकाळी गेटवर कागद. सगळी पोरं कागद वरून वाचतात. मनतशा खालून वाचायची, कारण तिचं नाव तिकडूनच लवकर सापडायचं. शून्याच्या खालच्यांची नावं आजवर कागदावर घेत न्हवते, त्या सोमवारी सरांनी पहिल्यांदाच ती बी लावायला सांगितली. त्या सोमवारी तिचं बोट तळाशी गेलं आन तिथंच चिकटलं. शेवटचं नाव: शिवलीला चन्नबसप्पा. शेरा: हजर. गुण: वजा एक.

मनतशा अशी किंचाळली की समोरच्या चहावाल्याच्या हातातली किटली हिंदकळली.

शिवलीला म्हणजे तिची रूममेट. होस्टेलात दोघींच्या खाटा लागून होत्या. श्रावणात ताप आला, डेंगू निघाला, चार दिवसांत पोरगी गेली. क्लासच्या जिन्यात तिचा फोटो लावला होता, त्याला चंदनाचा हार. फोटोला हार घालायचं सगळ्यांच्या ध्यानात आलं, कम्प्युटरातून नाव काढायचं कुणाच्याच आलं न्हाई. नाव तसंच पडून राहिलं. आन आता त्या नावानं कुणीतरी टेस्ट देऊन राहिलं होतं.

क्लासचा कम्प्युटर मुकुल सांभाळायचा. त्यानं जुने निकाल काढून बघितले तर त्याच्याच अंगावर काटा आला. एकच रविवार न्हाई. सप्टेंबर अर्धा झाल्यापासून जवळजवळ दर रविवारी शिवलीला हजर होती.

वसंतराव सर जिन्यातच उभे राहून बोलले. आवाज चढवला न्हाई, म्हणून पोरं जास्तच घाबरली. "मेलेल्या मुलीची चेष्टा करणारा माझ्या क्लासात राहणार नाही. मुकुल, हे कुठून होतंय ते काढ."

वेबसाइटला कुणी हाक मारली की ती हाक कुठल्या पत्त्यावरून आली ते मशीन लिहून ठेवतं. मुकुलनं ते पत्ते काढले, कुठल्या मुलखातले ते तपासले आन कागद सरांपुढं ठेवला.

सिंगापूर. दर रविवारी, सिंगापूर.

अख्ख्या क्लासात एकाच पोराचं माणूस सिंगापूरला होतं.

२

"तुझं नाव कापणार? तुझं?" अलीझानं लाटणं खाली आपटलं. "कोण कापतंय, बघते मी!"

"आपा, हळू बोल. घरमालक ऐकेल."

"ऐकू दे!"

मुज्तबा भिंतीला टेकून बसला होता. ताटातली चपाती तशीच. क्लासच्या मागच्या गल्लीत ही एक खोली, आन खोलीत ही दोन भावंडं. अब्बा, जहांगीरभाई, नांदेडला घड्याळं दुरुस्त करायचे. मेसचं खाऊन पोरगा आजारी पडायचा, म्हणून त्यांनी ठरवलं की अलीझानं लातूरला जायचं आन भावाला रांधून घालायचं. बारावी अर्ध्यात सुटली तिची. भाऊ डॉक्टर होऊ दे, मग तुझं बघू, असं अब्बा म्हणाले होते. म्हणून मुज्तबाची क्लासातली जागा म्हणजे नुसती त्याची न्हवती. तिचं शिकणं बी त्याच जागेवर पणाला लागलं होतं. ती जागा गेली असती तर दोन जणं एकदम रस्त्यावर आली असती, आन ऐन वर्षाच्या मधी दुसऱ्या कुठल्या क्लासनं दार उघडलं नसतं.

"सिंगापूरला आसिफभाईला फोन लावला?"

"लावला. भाई म्हणला, मी जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंग करतो, रविवारी पालथा पडून झोपतो, टेस्ट कसली?"

"मग सरांना सांग की हे."

"सांगितलं. सरांनी विचारलं, शिवलीलाचा पासवर्ड तुला माहीत होता का."

"आन तू काय म्हणलास?"

"हो म्हणलो."

अलीझा त्याच्याकडं बघतच राहिली. "येडा का खुळा तू?"

"माहीत होता तर काय म्हणू? तिची केमिस्ट्री मी बघायचो, माझं फिजिक्स ती. चुका कुठं झाल्या ते बघायला एकमेकांचं उघडायचो." त्यानं ताट बाजूला सारलं. "ती गेल्यावर एकदा उघडलं. क्लासच्याच कम्प्युटरवरून. तिनं कोणती उत्तरं बरोबर दिली होती ते बघत बसलो. टेस्ट न्हाई दिली, आपा. तिच्या नावानं टेस्ट द्यायला माझा हात कसा उठेल?"

अलीझाच्या तोंडावर आलेली शिवी तिनं गिळली. भावाचं हे तोंड तिनं कधी बघितलं न्हवतं. तिनं पुढं काही विचारलं न्हाई. ताट उचललं, चपाती परत गरम केली आन त्याच्यापुढं ठेवली.

"सर काय म्हणले शेवटी?"

"रविवारपर्यंत खरं काय ते सांग, न्हाईतर नाव कमी."

तिच्या फोनवर कालचा मेसेज अजून होता. मुज्तबाचा पालक म्हणून क्लासात तिचाच नंबर दिला होता, आन दर टेस्टच्या संध्याकाळी मशीन आपोआप मेसेज पाठवायचं: आपला पाल्य आज हजर होता. तिनं तो मेसेज बघितला, चप्पल पायात घातली आन तणतणत निघाली.

३

कम्प्युटरच्या खोलीत मुकुल एकटाच होता. चष्मा लावणारा, सडपातळ, पोरींशी बोलताना भिंतीकडं बघणारा.

"सिंगापूर म्हणून छापलंस न्हवं?" अलीझानं दारातूनच सुरू केलं. "लाज वाटली न्हाई?"

"ताई, मी न्हाई छापलं, मशीननं..."

"मशीन तुझं आन तोंड बी तुझंच. दाखव मला."

मुकुलनं पडदा तिच्याकडं वळवला. ओळीच ओळी. "हे बघा. हाक आली की एक ओळ. वेळ, काय मागितलं, आन हा आकडा म्हणजे पत्ता. आता मी इथून उघडलं तर हा आपल्या क्लासचा पत्ता. होस्टेलातून कुणी उघडलं तर दुसरा."

"आन मी उघडलं तर?"

"तुम्ही?"

"मी न्हाई का माणूस?" तिनं ओढणीआडून आपला बटणांचा फोन काढला. मुज्तबाचे गुण बघायला ती ह्याच फोनवरून वेबसाइट उघडायची. पान हळूहळू उतरलं. पडद्यावर नवी ओळ आली. मुकुलनं आकडा तपासायला घेतला आन त्याचं बोट हवेतच राहिलं.

"काय झालं?"

"सिंगापूर," तो म्हणाला.

अलीझानं खाली बघितलं. फरशी, फरशीवर तिच्या चपला, खिडकीबाहेर औसा रोडवरचा उसाचा ट्रॅक्टर. "मी सिंगापूरला उभी हाय व्हय रे?"

मुकुलनं कपाळाला हात लावला. मग तो जे बोलायला लागला ते भिंतीकडं बघून न्हाई, तिच्याकडं बघून. साध्या फोनात जे छोटं ब्राउझर असतं ते सरळ वेबसाइटकडं जात न्हाई. ते आपल्या कंपनीच्या मशीनला सांगतं, ते मशीन पान आणतं, दाबून बारीक करतं आन फोनला देतं. नेट कमी लागतं, म्हणून गावाकडं सगळे तेच वापरतात. त्या कंपनीचं मशीन बसवलंय सिंगापूरला. म्हणून इथल्या मशीनला दारात उभा दिसतो तो सिंगापूरवाला.

"म्हणजे पोस्टमन," अलीझा म्हणाली. "चिठ्ठी कुणी लिहिली ते सोडून तू पोस्टमनची गचांडी धरलीस. आन पोस्टमन सिंगापूरचा म्हणून माझ्या भावाला फासावर चढवलंस."

"चुकलं माझं."

"नुसतं चुकलं म्हणून भागत न्हाई. पोस्टमन काही सांगतो का, चिठ्ठी कुणाची?"

मुकुल विचार करायला लागला. "सांगतो की. हाकेसोबत तो एक चिठोरा बी देतो. मूळ पत्ता कोणता, फोनचं मॉडेल कोणतं. पण आपलं मशीन ते लिहून ठेवत न्हाई, टाकून देतं."

"मग त्याला लिहायला लाव."

"लावतो. पण चिठोरा कुणीही खोटा चिकटवू शकतं, ताई. आणणारा खरंच त्या कंपनीचा असला तरच भरोसा ठेवायचा. तेवढं मला तपासता येतं." तो थांबला. "फक्त मागचं गेलं ते गेलं. शिवलीलाच्या नावानं पुढची हाक येईल तेव्हाच कळेल."

पुढची हाक म्हणजे रविवार. त्याच रविवारी मुज्तबाचं नाव कापायचं ठरलं होतं.

४

रविवारपर्यंत हात बांधून बसणारी अलीझा न्हवती. ती होस्टेलात गेली.

मनतशा खाटेवर बसली होती. शेजारची खाट मोकळी, गादी गुंडाळलेली. तिथं दुसरी पोरगी टाकली होती, पण ती दोन दिवसांत पळून गेली म्हणे.

"तुला बी पासवर्ड माहीत असंल," अलीझानं सरळच विचारलं.

"सगळ्यांना माहीत होता. रोल नंबर आन जन्मतारीख. क्लासनं दिलेला कुणीच बदलत न्हाई." मनतशाचे डोळे भरून आले. "पण मी कामून करू? मला तर रात्रीचं त्या खाटेकडं बघवत न्हाई."

"ती कशी होती गं?"

"हसरी. आई तिला फोनवर रोज विचारायची, आज वर्गात होतीस न्हवं? ती म्हणायची, आवा, न्हाईतर कुठं जाईन? आईला आवाच म्हणायची ती. लई जीव होता आईचा. भूकंपानंतर झालेली एकुलती एक."

होस्टेलच्या गोदावरीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. जाडजूड, कडक बाई. पोरींचे फोन त्यांच्या कपाटात कुलपात असायचे. रविवारी टेस्टपुरते मिळायचे.

"बाई, शिवलीलाचा फोन तुमच्याकडंच हाय का अजून?"

"माझ्याकडं कशाला ठेवू? ट्रंक, पांघरूण, फोन, सगळं तिच्या अप्पाच्या हातात दिलं. सही घेतली." बाईंनी पदरानं नाक पुसलं, आन कुणी बघितलं का म्हणून इकडंतिकडं बघितलं. "ट्रंक डोक्यावर घेऊन चालत निघाला तो माणूस. रिक्षा थांबवून दिली तर नको म्हणला."

अलीझा मुकुलकडं परतली. डोक्यात एक गोष्ट टोचून राहिली होती. "तू जवळजवळ दर रविवारी म्हणलास. जवळजवळ म्हणजे काय?"

मुकुलनं जुने निकाल चाळले. "एका रविवारी गैरहजर हाय. तीस सप्टेंबर."

"त्या दिवशी टेस्ट न्हवती?"

"होती. सगळी पोरं होती. मुज्तबा बी होता, मनतशा बी."

"चेष्टा करणाऱ्याला तीस सप्टेंबरला कसली सुट्टी?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. लातूरच्या माणसाला तीस सप्टेंबर म्हणजे काय ते सांगावं लागत न्हाई, आन नांदेडच्या बी न्हाई. अलीझा तेव्हा जन्मली न्हवती, तरी भूकंपाच्या त्या पहाटे इतवारा बाजारातली घड्याळं कशी बंद पडली ते अब्बा दरवर्षी सांगायचे. पण लातुरात त्या दिवशी क्लास चालू होते, टेस्ट झाली होती. त्या तारखेला सगळी कामं सोडून जाणारी गावं ठरलेली हायत. जिथं गाव पडलं त्या जागेवर ती माणसं जमतात.

मनतशाचं 'भूकंपानंतर झालेली' अलीझाला आठवलं. पण तिनं ते दाबलं. दाबलं, कारण तिला राग हवा होता. राग असला की तिला चालता यायचं.

५

रविवारी टेस्ट सुरू झाली. मुज्तबाला आत सोडलं न्हाई. तो गेटबाहेर उभा होता आन त्याचा फोन सरांच्या टेबलावर होता. वसंतराव सर मुकुलच्या मागं खुर्ची टाकून बसले. अलीझा दाराला टेकून उभी. तिला सरांनी बस म्हणून दोनदा सांगितलं, ती बसली न्हाई.

ओळी येऊन राहिल्या होत्या. एकेक पोरगं, एकेक हाक.

"आली," मुकुल पुटपुटला.

शिवलीला चन्नबसप्पा. आणणारा, सिंगापूरचाच पोस्टमन. पण ह्या वेळी चिठोरा पकडला होता. मुकुलनं वाचला. मूळ पत्ता एका मोबाईल कंपनीचा, म्हणजे महाराष्ट्रातलं कुठलंही गाव. त्यावरून घर कळत न्हाई. मग फोनचं मॉडेल. मुकुलनं ते वाचलं तशी मनतशा, टेस्ट संपवून नुकतीच दारात आली होती, ती म्हणाली, "शिवलीलाचाच फोन तो. दोन सिमचा. अख्ख्या होस्टेलात तिचा एकटीचाच होता तसला."

"प्रश्न किती सोडवले?" सरांनी विचारलं.

"एकच, सर. पहिला. ते बी चूक. लगेच जमा केलं."

"वजा एक," अलीझा म्हणाली. "दर वेळी वजा एक. ज्याला गुण नको, नुसतं हजर लागायचंय, तो एकच प्रश्न सोडवतो."

सर म्हणाले, "फोन गावाकडे आहे, एवढंच सिद्ध होतं. कुणाच्या हातात आहे? विकला असेल, कुणा पोरानं उचलला असेल. मुज्तबानं त्याला पासवर्ड सांगितला असेल."

"सर, मुज्तबा तुमच्या गेटला भिकाऱ्यासारखा उभा हाय!"

"म्हणूनच विचारतो. नाव सांग. उद्या सकाळपर्यंत."

अलीझानं गोदावरीबाईंकडून गाव विचारून घेतलं आन औशाकडं जाणारी एसटी धरली. उभ्यानं. सगळ्या रस्त्यानं ती मनात कुणाला तरी झापत होती. गावातलं कुणीतरी वाया गेलेलं पोरगं, हातात फुकटचा फोन, मेलेल्या पोरीच्या नावाशी खेळून राहिलेलं. त्याला काय काय बोलायचं ते तिनं औसा येईपर्यंत जुळवून ठेवलं.

६

नवं गाव. भूकंपानंतर बांधून दिलेलं. सगळी घरं एकसारखी, सिमेंटची, रांगेत. कुणाचं कुठलं ते दारातल्या तुळशीवरून आन म्हशीवरून ओळखायचं. एका म्हातारीनं बोट दाखवलं, "चन्नबसप्पा न्हवं? ते काय, ओट्यावर बसलेत."

ओट्यावर धोतर-टोपीतला माणूस बसला होता. वयापेक्षा जास्त वाकलेला. हातात दोन सिमचा फोन.

"हा फोन कोण वापरतं?" अलीझानं रामराम न्हाई, सलाम न्हाई, सरळ विचारलं.

"मीच की. का गं, बाळा?"

"दुसरं कोण? घरातली पोरं-बिरं?"

"पोरं न्हाईत आमाला आता."

इथंच तिनं थांबायला हवं होतं. सगळं तिच्या डोळ्यांपुढं होतं. पण एसटीभर जुळवून ठेवलेलं तोंडातून निघालंच. "मग दर रविवारी शिवलीलाच्या नावानं टेस्ट कोण देऊन राहिलंय? माझ्या भावाचं नाव कापायला निघालेत तिकडं! मेलेल्या पोरीला हजर दाखवून काय मिळतं तुम्हाला?"

दाराच्या चौकटीत एक बाई येऊन उभी राहिली. हात ज्वारीच्या पिठानं पांढरे. ती शांतम्मा, शिवलीलाची आई. आन तेवढ्यात फोन वाजला. मेसेज.

"आला का?" शांतम्मा म्हणाली. "वाचा की."

चन्नबसप्पानं फोन पालथा धरला.

शांतम्मानं अलीझाकडं बघितलं. पोरगी परक्या गावची, घामाघूम, तिला समजावून सांगावं अशा सुरात ती बोलली. "आमच्या लीलाची हजेरी लावतात बघ क्लासवाले. दर रविवारी. पोरगी गेली तरी इसरले न्हाईत तिला. लई मोठ्या मनाचे लोक."

अलीझा ओट्यापासून एक पाऊल मागं सरली.

"तू काय म्हणलीस आत्ता?" शांतम्मानं विचारलं. "कोण टेस्ट देतंय म्हणलीस?"

शांतम्मानं नवऱ्याच्या हाताकडं बघितलं. त्यानं फोन तसाच पालथा दाबून धरला होता. ती बघत राहिली, आन बघता बघता तिचं तोंड पडलेल्या भिंतीसारखं झालं.

"तुमी करत व्हता व्हय?"

"शांता..."

"तुमी?"

ती ओट्यावरच खाली बसली. पिठाचे हात मांडीवर.

चन्नबसप्पा बोलला ते अलीझाला, पण बघत होता बायकोकडं. "दहावा झाला, माझं सिम लीलाच्या फोनात घातलं आन रविवारी मेसेज आला. आपला पाल्य आज गैरहजर होता, कारण कळवावे. हिनं वाचायला लावला. मी वाचला. त्या दिवशी हिनं घास घेतला न्हाई. पुढच्या रविवारी परत तेच. कारण कळवावे. काय कारण कळवू मी? क्लासात फोन केला तर कुणी पोरगी म्हणली, हाव काका, सांगते. परत आलाच. मग मला आठवलं. नागपंचमीला लीला घरी आली व्हती, तवा हितं बसून ह्या फोनवरच तिनं टेस्ट दिली. मी शेजारी व्हतो. फोनात सगळं तसंच व्हतं, काही लिहावं लागलं न्हाई. एक दाबलं. खरं का खोटं मला काय कळतंय. संध्याकाळी मेसेज आला, हजर. हिला वाचून दाखवला. त्या दिवशी हिनं दोन घास खाल्ले."

"तीस सप्टेंबरला..." अलीझा म्हणाली.

"त्या दिवशी आमी जुन्या गावात असतो. दोन लेकरं तिथं गेली आमची, ढिगाऱ्यात. मग सरकारी डाक्टरनं हिचं पोरं बंदचं आपरेशन उघडून दिलं, आन ही झाली. लीला." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्या दिवशी फोनची आठवणच राहिली न्हाई. तीन लेकरांचं एकदम रडायचं व्हतं."

शांतम्मा उठली आन आत गेली. आतून काही आवाज आला न्हाई. रडण्याचा बी न्हाई. अलीझाला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

"काका," ती म्हणाली, "मला माहीत न्हवतं."

"तुला कसं माहीत असणार." चन्नबसप्पानं टोपी झटकून डोक्यावर घातली. "तुज्या भावाचं नाव जाऊ द्यायचं न्हाई. सकाळच्या पहिल्या गाडीनं मी येतो. सरांना माझ्या तोंडानं सांगतो."

राहू द्या, म्हणावं असं अलीझाच्या मनात आलं. तोंडापर्यंत आलं. पण गेटबाहेर उभा असलेला मुज्तबा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. ती म्हणाली, "या, काका." आन त्या दोन शब्दांसाठी ती एसटीत परत जाताना सगळ्या रस्त्यानं स्वतःला झापत राहिली.

७

सोमवारी वसंतराव सरांच्या केबिनमध्ये चन्नबसप्पा उभ्यानंच बोलला. खुर्ची दिली तर बसला न्हाई. सगळं सांगून झाल्यावर हात जोडले. "चूक माझी, सर. त्या लेकराची न्हाई."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग काढून टेबलावरच ठेवला. "चूक तुमची नाही. माझ्या मशीननं तुम्हाला कारण विचारलं. आणि मला ते माहीतही नव्हतं." ते दाराकडं वळले. "मुज्तबा, वर्गात जा. कालच्या टेस्टची वेळ मी तुला वेगळी देतो."

मुज्तबा हलला न्हाई. तो चन्नबसप्पाच्या पायांकडं वाकला. त्या माणसानं त्याला वरच्या वर धरलं.

"तूच का रे तो? फिजिक्सवाला?"

"केमिस्ट्री, काका. फिजिक्स तिचं चांगलं होतं."

"हाव. सांगायची ती." चन्नबसप्पानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "जा. अभ्यास कर."

मुकुलनं कम्प्युटरवर शिवलीलाचं नाव उघडलं. नाव काढायचं बटण समोर होतं, पण त्याचा हात पुढं होईना. चन्नबसप्पा त्याच्या मागं जाऊन उभा राहिला, वाकून पडदा बघितला, आन विचारलं, "कुठं दाबायचं?"

मुकुलनं दाखवलं. त्यानं दाबलं.

जाताना त्यानं अलीझाचा नंबर मागून घेतला. कशाला ते सांगितलं न्हाई, तिनं विचारलं न्हाई.

पुढच्या रविवारी टेस्ट झाली. संध्याकाळी मुज्तबा खोलीत पुस्तक उघडून बसला होता, एकच पान कितीतरी वेळ. अलीझा भाजी परतत होती. तिचा फोन वाजला. मेसेज न्हवता, फोन होता.

"कोण?"

पलीकडं कुणी बोलेना. म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. मग शांतम्माचा आवाज. "आज आला न्हाई गं."

अलीझानं डोळे मिटले. "न्हाई, आवा. आता न्हाई यायचा."

"हाव. मला ठावं हाय." म्हशीची घंटा परत वाजली. "मी तुला शिव्या द्यायला फोन केला व्हता."

"द्या की."

"येत न्हाईत." मग तिनं विचारलं, "तुज्या भावाचा आला का मेसेज?"

"आला."

"वाच."

मुज्तबानं पुस्तकातून मान वर केली. अलीझानं फोन डोळ्यांपुढं धरला. "आपला पाल्य मुज्तबा जहांगीर आज टेस्टला हजर होता."

पलीकडून काहीच आलं न्हाई. तिला वाटलं, लाइन तुटली.

"परत वाच," शांतम्मा म्हणाली. "सावकाश."

अलीझानं गॅस बंद केला, आन पहिल्या अक्षरापासून परत वाचायला लागली.